स्थानिक सामन्यांचं वार्तांकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा पानांसाठी खेळाच्या बातम्या देणारे नवे वार्ताहर, तालुक्याचे स्ट्रिंगर (म्हणजे पगारावर नसलेले, बातमीमागे पैसे घेणारे वार्ताहर), छायाचित्रकार आणि हल्ली मोबाइल तिवईवर लावून थेट प्रक्षेपण करणारी मुलं यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझी बहुतेक वर्षं पश्चिम महाराष्ट्रात गेली, त्यामुळे उदाहरणं कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि कोल्हापूरच्या फुटबॉलची जास्त आहेत. विदर्भ-कोकणातल्या मित्रांनी आपल्या मैदानाप्रमाणे वजाबाकी करून घ्यावी.

१. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं तर पास लागतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. मंडळाच्या कबड्डी स्पर्धेला, शालेय खो-खोला, जत्रेतल्या कुस्ती मैदानाला तुम्हाला कोणी अडवत नाही. उलट "पत्रकार आले, खुर्ची द्या" असा पुकारा होतो. त्या खुर्चीचं काय करायचं ते प्रश्न ३ मध्ये.

राज्य अजिंक्यपद, रणजी सामना, प्रो कबड्डी यांसारख्या ठिकाणी मात्र आधी नोंदणी करावी लागते. संपादकांच्या सहीचं पत्र, फोटो आणि ओळखपत्राची प्रत संघटनेच्या माध्यम विभागाकडे मुदतीत पोहोचायला हवी. सकाळी गेटवर उभं राहून "मी अमुक दैनिकाचा" म्हणण्याचा तिथे उपयोग होत नाही. पास मिळाला तरी तो कोणत्या भागासाठी आहे ते नीट वाचा. लिहिणाऱ्याचा आणि छायाचित्रकाराचा पास वेगळा असतो, आणि खेळाडूंच्या खोलीकडे जायला दोन्ही चालत नाहीत.

२. माझ्याकडे अधिस्वीकृती पत्रिका नाही. अडचण येईल?

मैदानावर अजिबात नाही. ही पत्रिका म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र. ते माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं आणि तिचा उपयोग सरकारी कार्यक्रम, एसटीची सवलत, काही कल्याणकारी योजना यांसाठी होतो. खेळाच्या संघटनांवर ती बंधनकारक नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: पत्रिका आहे म्हणून क्रिकेट सामन्याच्या पत्रकार कक्षात हक्काने शिरता येत नाही.

तालुक्याच्या वार्ताहराला खरी गरज असते ती नेमणुकीच्या साध्या पत्राची. एका ओळीचं असलं तरी लेटरहेडवर आणि तारखेसह घ्या. ते कशासाठी, हे प्रश्न ६ आणि १२ वाचल्यावर कळेल.

३. मैदानावर पोहोचल्यावर बसायचं कुठे?

गुणलेखकाच्या टेबलाजवळ. माझ्या मते या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आयोजक तुम्हाला व्यासपीठावर बोलावतील. तिथे सोफा असतो, पाण्याची बाटली असते, आजूबाजूला नगरसेवक, कारखान्याचे संचालक, देणगीदार असतात. तिथून खेळ दिसत नाही. दिसले तर पुढच्या रांगेतले फेटे दिसतात. वर भाषणं सुरू झाली की मध्येच उठणं अपमान समजलं जातं, आणि तेवढ्यात खाली एखादी उपांत्य फेरी बरोबरीनंतरच्या पाच-पाच चढायांवर सुटलेली असते. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एक अख्खी अंतिम लढत अशी घालवली. सत्कार स्वीकारत होतो. बातमीत 'अटीतटीच्या लढतीत' असं लिहून वेळ मारून नेली. या शब्दांचा अर्थ वार्ताहराने सामना पाहिला नाही असाही होतो, हे जाणकार वाचकाला बरोबर कळतं.

गुणलेखकाजवळ बसलं की तीन गोष्टी होतात. चढाईपटूचा नुसता नंबर दिसतो, तिथे नाव कळतं. पंचांचा निर्णय बदलला तर का बदलला ते ऐकू येतं. आणि सामना संपल्यावर गुणपत्रिका तुमच्यासमोरच असते. गुणलेखक बहुधा एखाद्या शाळेचे क्रीडाशिक्षक असतात. त्यांना सामना चालू असताना प्रश्न विचारायचे नाहीत, मध्यंतरापर्यंत थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी पेपर घेऊन जायचा. एवढ्यावर वीस वर्षांची ओळख टिकते.

कुस्ती मैदानात गुणलेखकाची जागा निवेदक घेतो. कोण पैलवान कोणत्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या, गेल्या जत्रेत कुणाला चितपट करून आला, हे त्याला तोंडपाठ असतं. हलगी वाजत असताना तो काही सांगणार नाही. जोड सुटली की त्याच्याकडे जा.

व्यासपीठावरून बोलावणं आलंच तर पाच मिनिटं जाऊन, नमस्कार करून, "बातमी पाठवायची आहे" म्हणून खाली उतरावं. हे कारण सगळ्यांना पटतं.

४. गुणपत्रिकेचा फोटो काढू देतात का? त्यात काय तपासायचं?

विचारून काढला तर देतात. सामना संपून पंचांची सही झाल्यावरच काढा. सहीआधीच्या पत्रिकेत खाडाखोड असते आणि ती तुमच्या बातमीत येते.

खो-खोत सगळ्यात जास्त चुका वेळेच्या होतात. १.४० मिनिटे म्हणजे १ मिनिट ४० सेकंद. तो दशांश नाही. तुम्ही १.०५ पाठवलं आणि डेस्कवरच्या उपसंपादकाने शून्य निरर्थक समजून १.५ केलं, तर त्या खेळाडूची पळती थेट २५ सेकंदांनी किंवा ४५ सेकंदांनी वाढते, वाचणारा कसं वाचतो त्यावर. म्हणून मजकुरात पहिल्यांदा '१ मि. ०५ से.' असं लिहा. सामना बरोबरीत सुटून अलाहिदा म्हणजे जादा डाव झाला असेल तर मूळ डावांचे गुण वेगळे द्या. लघुत्तम आक्रमणापर्यंत (कमी वेळात गडी कोण बाद करतो यावर निकाल) गेला असेल तर ते कसं सुटलं याचं एक वाक्य हवंच, कारण निम्म्या वाचकांना तो नियम माहीत नसतो.

कबड्डीत मध्यंतराचे गुण, लोण (समोरचा अख्खा संघ बाद) किती चढले आणि शेवटची पाच मिनिटं एवढं टिपलं तरी बातमी उभी राहते. कुस्तीत डावाचं नाव खात्री असेल तरच लिहा. पोकळ घिस्सा आणि साधा घिस्सा यातला फरक वस्तादाला विचारायला लाज वाटून घेऊ नका. चुकीचा डाव छापून आला तर सकाळी चहाच्या गाड्यावर त्याची जास्त चर्चा होते.

गुणवहीचं महत्त्व पटत नसेल तर जानेवारी २०१६ आठवा. कल्याणच्या मैदानावर आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या आणि ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. जगभरातल्या माध्यमांना हवा असलेला पुरावा म्हणजे शाळकरी सामन्याची ती गुणवही होती. तुम्ही कंटाळून ज्या सामन्याला गेला नाहीत, तिथे असलं काही होणार नाही याची हमी कोणी देत नाही.

५. वीज नाही, रेंज नाही, आणि गावोगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते. बातमी पाठवायची कशी?

निकाल आधी, वर्णन नंतर. डेस्कला चार ओळींचा मजकूर उपांत्य फेरी संपताच पाठवून ठेवा आणि अंतिम निकालाची जागा मोकळी सोडा. डाक आवृत्तीला तेवढं जातं, शहर आवृत्तीला पूर्ण बातमी. प्रकाशझोतातल्या स्पर्धांचे अंतिम सामने रात्री बारानंतर सुरू होतात, कारण प्रमुख पाहुणे उशिरा येतात. अशा वेळी 'रात्री उशिरापर्यंत सामने सुरू होते' हे वाक्य प्रामाणिक आहे, ते वापरा. अंदाजाने विजेता लिहू नका.

रेंजसाठी गावातल्या पोरांना विचारा. कुठल्या पाण्याच्या टाकीखाली चार दांड्या येतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पॉवर बँक, कागदी वही आणि बॉलपेन सोबत असू द्या. मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. आझाद मैदानावर तिचं वार्तांकन करणाऱ्यांकडून एक शिकलो: वही नेहमी प्लास्टिकच्या पिशवीत.

६. प्रवासखर्च, जेवण, मानधन यांवर आमचा हक्क काय?

व्यवहारात स्ट्रिंगरला बातमीमागे किंवा छापलेल्या मजकुराच्या मापावर पैसे मिळतात, आणि बऱ्याच ठिकाणी खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर असते. साठ किलोमीटर दुचाकी मारून आणलेली कुस्तीची बातमी दोन परिच्छेदांत छापून आली, तर पेट्रोलही सुटत नाही. ही वस्तुस्थिती आहे आणि ती वाईट आहे.

कायद्याचं म्हणाल तर १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असलेल्या अर्धवेळ पत्रकारालाही व्याख्येत घेतलं होतं. वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचं वेतन ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या प्रकरणात १९ जून २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी कर्मचाऱ्यांना वगळता येणार नाही असं सांगितलं. पुढे २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक श्रमसंहितेत हा जुना कायदा सामावून घेण्यात आला. घोडं अडतं ते एका जागी: आपण कर्मचारी आहोत हे स्ट्रिंगरला सिद्ध करता येत नाही. म्हणून पैसे बँकेतून घ्या, नेमणुकीचं पत्र घ्या, पाठवलेल्या बातम्यांच्या ई-मेल जपून ठेवा.

प्रवासखर्चाचं आधी बोला. "बघू" या उत्तराचा अर्थ नाही असाच धरायचा.

७. आयोजक शाल, श्रीफळ आणि पाकीट देतात. घ्यायचं का?

पाकीट नाही. शाल-नारळ सगळ्यांसमोर देत असतील तर नाकारून तमाशा करू नका. आयोजकांच्या मंडपातलं पंगतीचं जेवण मी जेवतो, कारण गावात दुसरीकडे काही मिळत नाही आणि पंगतीत बातमी मिळते. कुणाला हे ढोंग वाटेल. माझी रेघ एवढीच आहे की लपवावं लागेल असं काही घ्यायचं नाही.

८. आयोजकच आमचा मोठा जाहिरातदार आहे. स्पर्धेतला गोंधळ कसा लिहू?

निकालाची बातमी आणि गोंधळाची बातमी वेगळी करा. सामने चार तास उशिरा सुरू झाले, मुलींच्या संघाला राहायला जागा नव्हती, जखमी खेळाडूसाठी रुग्णवाहिका नव्हती, या गोष्टी वेळ आणि ठिकाणासह, विशेषणं न लावता लिहिल्या तर जाहिरातदारालाही त्या खोडून काढता येत नाहीत. 'ढिसाळ नियोजन' असं लिहिलंत की वाद तुमच्या शब्दावर होतो, रुग्णवाहिका बाजूला राहते.

जाहिरात मागायला आणि बातमी मिळवायला एकाच माणसाला पाठवणं ही वृत्तपत्रांची चूक आहे, तुमची नाही. तरीही जमेल तिथे जाहिरातीचं बोलणं कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. संपादकांनी बातमी दाबली तर तुमची प्रत तारखेसह तुमच्याकडे असू द्या.

९. मी महिला वार्ताहर आहे. मैदानांवर स्वच्छतागृह नसतं, परतताना रात्र होते. काय करायचं?

स्वच्छतागृहासाठी मुलींच्या संघाची व्यवस्थापिका गाठा. संघ बहुधा जवळच्या शाळेत उतरलेले असतात. मैत्रिणींनी सांगितलेला हा उपाय आहे, माझ्या डोक्यातून आलेला नाही. रात्रीचा अंतिम सामना असेल तर जाण्याआधीच डेस्कशी परतीच्या वाहनाचं किंवा मुक्कामाचं ठरवा.

छळाचा प्रसंग आला तर २०१३चा कार्यस्थळावरील लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मैदानावरही लागू होतो, कारण कामाच्या निमित्ताने भेट दिलेली जागा ही कार्यस्थळच आहे. कंत्राटी, तात्पुरत्या, अगदी बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीलाही तो लागू आहे. स्ट्रिंगरने "आपण कुठे नोकरीत" असं म्हणून माघार घेऊ नये. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेची अंतर्गत समिती. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची.

१०. छायाचित्रकाराने उभं कुठे राहायचं?

कबड्डीत चढाईपटू समोरून येतो ती बाजू, पण राखीव खेळाडूंच्या मागे. कुस्तीत आखाड्याच्या कडेला बसूनच. उभे राहिलात तर मागून "ए कॅमेरावाले, बस खाली!" अशी आरोळी येते आणि दुसऱ्या आरोळीबरोबर ढेकूळ येऊ शकतं. जत्रेतल्या मोठ्या कुस्त्या दिवस मावळताना लागतात. फ्लॅश पैलवानाच्या डोळ्यांवर मारू नका.

बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीत, उतरायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने शर्यती होतात. पण बैलांना पत्रकार ओळखू येत नाही.

११. मोबाइलवरून सामना थेट दाखवला तर चालेल?

आयोजकांनी प्रक्षेपणाचे हक्क कुणाला विकले असतील तर नाही. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांतही आता हे हक्क दिले जातात. गुण, निकाल, तुमचं लेखन यावर कोणी मालकी सांगू शकत नाही, वाद चित्रफितीचा असतो. लेखी विचारून घ्या. बक्षीस समारंभ आणि सामन्यानंतरची मुलाखत दाखवायला सहसा हरकत नसते.

१२. प्रेक्षकांनी किंवा संघाच्या समर्थकांनी मारहाण केली, कॅमेरा फोडला तर?

आधी जागा सोडा, मग बाकीचं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार किंवा खंडोबा-शिवाजी असा सामना असतो तेव्हा ईर्षा पेठांची असते. गोल झाल्यावर तुम्ही कोणत्या बाजूला उभे होता एवढ्यावरून तुमचा पक्ष ठरतो. तिथे मी कायम पोलिसांच्या बाजूला उभा राहतो.

महाराष्ट्रात प्रसारमाध्यमातील व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचार रोखण्यासाठी २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जात नाही, आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. नियमित आणि कंत्राटी पत्रकार त्यात येतात. ठाण्यात पहिला प्रश्न "कुठल्या पेपरचे, पुरावा काय?" हाच येतो. प्रश्न २ मधलं पत्र तेव्हा लागतं. ठाणे अंमलदाराला या कायद्याचं नाव सांगावं लागू शकतं, म्हणून त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. खोटी तक्रार केली तर याच कायद्यात पत्रकारालाही शिक्षा आहे.

१३. शाळकरी खेळाडूंचं नाव, फोटो छापताना काय सांभाळायचं?

विजयाच्या बातमीत नाव, शाळा, फोटो चालतो. जन्मतारीख, पत्ता, फोन नको. मुलाखत प्रशिक्षक किंवा पालकांसमोर घ्या. हरलेल्या, रडणाऱ्या चौदा वर्षांखालच्या पोराचा जवळून काढलेला फोटो मी देत नाही. कायद्याने बंदी आहे म्हणून नव्हे.

पालक "नाव आलं नाही" म्हणून फोन करतात, त्याचं कारण समजून घ्या. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, कात्रण नाही. हे त्यांना शांतपणे सांगा. न खेळलेल्या मुलाचं नाव संघात घालण्याची विनंतीही येते. ती कुणाकडूनही आली तरी नाही.

१४. प्रशिक्षकाने मुलीचा छळ केल्याची तक्रार झाली आहे. मुलीचं नाव दिलं नाही तर बातमी चालेल ना?

नुसतं नाव गाळून भागत नाही. पोक्सो म्हणजे बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ नुसार नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येत नाही. तालुक्यात एकच मुलगी राज्य पातळीवर थाळीफेकीत खेळली असेल, तर 'राज्यस्तरीय थाळीफेकपटू' हे लिहिणं म्हणजे नाव लिहिणंच आहे. खेळाचा प्रकार, वयोगट, पदक, प्रसंगी अकादमीचं नावही गाळावं लागतं. तुमच्याच पेपरात महिन्यापूर्वी त्या प्रशिक्षकासोबतचा तिचा विजयाचा फोटो आला असेल, तर संकेतस्थळावरची ती बातमी दुव्यात जोडली जाणार नाही हे पाहा. संगणक ती आपोआप जोडतो आणि गावाला सगळं कळतं.

१५. एकाच खेळाच्या दोन संघटना, दोन्हीकडे 'महाराष्ट्र केसरी'. कुणाला खरं मानायचं?

ठरवण्याचं काम वार्ताहराचं नाही, पण लपवण्याचंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे असे दोन महाराष्ट्र केसरी झाले. २०२५ मध्येही अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि पुढे कर्जतला वेताळ शेळके. पहिल्याच परिच्छेदात आयोजक संघटनेचं पूर्ण नाव लिहा, दुसरी स्पर्धा झाली किंवा होणार आहे हे एका वाक्यात सांगा आणि पुढे कुस्तीकडे वळा. दोन्ही मैदानांत पैलवानांनी घाम गाळलेला असतो. 'तथाकथित' हा शब्द त्यांच्या गदेला लावू नका.

असं केल्यावर दोन्ही संघटना नाराज होतात आणि एकीच्या प्रेस ग्रुपमधून तुम्हाला काढलं जातं. वाईट वाटून घेऊ नका. ग्रुपवर येणारं प्रसिद्धिपत्रक सगळ्यांना सारखंच येतं, ते दुसऱ्या वार्ताहराकडून मिळतं. मैदानात येण्यापासून मात्र प्रत्यक्षात क्वचितच कोणी रोखतं, आणि रोखलं तर प्रेक्षकांचं तिकीट काढून आत जाता येतं.

१६. पंचांचा निर्णय चुकला असं मला दिसलं. तसं लिहू का?

काय दिसलं ते लिहा, काय व्हायला हवं होतं ते लिहू नका. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला राक्षे-मोहोळ लढतीत खांदे टेकले की नाही यावरून वाद झाला, राक्षेने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. अशा वेळी तीन गोष्टी लागतात: पंचांनी दिलेला निर्णय, पैलवानाचा आक्षेप, आणि आक्षेपावर चित्रफीत पाहिली गेली का. तिसरी गोष्ट विचारायला बहुतेक जण विसरतात, कारण तोवर सगळे कॅमेरे धक्काबुक्कीकडे वळलेले असतात. उत्तर तांत्रिक समितीच्या टेबलावर मिळतं. तुम्ही तिथे आधीपासून बसलेले असाल तर कोणी हाकलत नाही.

१७. क्रीडा संकुलावर खर्च दिसतो, धावपट्टी मात्र उखडलेली. माहिती कुठून काढू?

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. 'संकुलाची सर्व माहिती द्या' असा अर्ज परत येतो. कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि देखभालीची अदा केलेली बिलं, एवढंच आणि वर्षासह मागा. क्रीडा संघटना न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर झालेले असायला हवेत, तिथे नकलेसाठी अर्ज करता येतो. अर्ज करण्याआधी सकाळी सहाला त्या धावपट्टीवर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तिथे अनवाणी धावत असतात, आणि कुठला भाग कधी उखडला हे त्यांना ठेकेदारापेक्षा चांगलं आठवतं.